कलेक्टरची सुट्टी

भिंतीवर चिकटवलेल्या यादीत चोवीस सुट्ट्या होत्या. मी त्या दोनदा मोजल्या. चार रविवारी येत होत्या, म्हणजे हाती लागणाऱ्या वीस. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती : एक एप्रिलची सुट्टी फक्त बँकांना. जानेवारीसमोर एकच तारीख होती, सव्वीस. त्या दिवशी अकरा तारीख होती, मंगळवार.

“नाही सिस्टर,” मी म्हणाले, “उद्या सुट्टी नाही.”

“नक्की ना? आमच्या यात्रेची सुट्टी मिळते म्हणतात जिल्ह्याला.”

“ही शासनाची यादी आहे. यात नाही.”

“मग नसेल,” म्हणत ढवळे सिस्टरनी कापडी पिशवीतून बाटली काढली. बाटलीभोवती बर्फ होता, बर्फाभोवती प्लॅस्टिक, आणि त्याभोवती त्यांच्या मुलीचा जुना स्वेटर. सव्वीस किलोमीटर एसटीनं आल्या होत्या त्या. सातमोरीच्या उपकेंद्रात त्या एकट्याच होत्या. प्रसूतीपासून पाण्यात टाकायच्या जंतुनाशक पावडरीपर्यंत सगळं त्यांच्याच अंगावर.

मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत लागून तीन महिने झाले होते. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी, वय तेवीस, नेमणूक कंत्राटी. पहिल्याच दिवशी आमच्या कुर्लेकर सरांनी एक नियम सांगितला होता : सुट्टीच्या आदल्या दिवशी नमुना घ्यायचा नाही. कारण पाण्यात विष्ठेतले जंतू आहेत का, हे पाहायला ते पाणी नळ्यांमध्ये घालून सदतीस अंशांवर ठेवावं लागतं आणि चोवीस तासांनी, मग अठ्ठेचाळीस तासांनी वाचावं लागतं. सुट्टी मध्ये आली की वाचायला कुणी नसतं. मला तो नियम आळशी माणसांनी आपल्या सोयीसाठी केलेला वाटायचा.

“एवढी घाई कशाची आहे?” मी विचारलं.

“उद्या जळाईची यात्रा. सहा-सात हजार माणूस येतं. संध्याकाळी आंबील वाटतात सगळ्यांना, आणि ती बारवेच्याच पाण्यात करायची, दुसरं पाणी चालत नाही. मी म्हटलं, पावडर टाकते. कमिटी म्हणते, देवीच्या पाण्यात औषध नको.” सिस्टर बाकावर टेकल्या. “गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावात गॅस्ट्रोनं चार माणसं गेली. दोन माझ्या मांडीवर गेली, मॅडम. तेव्हापासून मी कमिटीच्या मागे लागले. परवा कुठे तयार झाले ते. म्हणाले, तपासून आणा. खराब निघालं तर पावडर टाका, चांगलं निघालं तर हात लावायचा नाही.”

“आणि तपासणी होईपर्यंत?”

“तोपर्यंत टँकर. पण आंबिलीला पाणी उद्या दोनला लागतं. त्याआधी निरोप मिळायला हवा. नाही मिळाला तर ते बारवेचंच घेणार, तेही बिनपावडरीचं.”

मी हिशेब केला. आत्ता पावणेबारा. बाराला नळ्या आत गेल्या तर उद्या बाराला पहिलं वाचन. पाणी फार खराब असेल तर चोवीस तासांत कळतंच.

“उद्या बाराला फोन करते,” मी म्हणाले.

“देवीसारख्या भेटलात बघा.”

पंधरा नळ्या. पाच नळ्यांत दहा-दहा मिलीलीटर पाणी, पाचांत एक-एक, पाचांत एकाचा दहावा भाग. प्रत्येक नळीत जांभळं द्रावण, आणि द्रावणात उलटी ठेवलेली एक इवली नळी. जंतू असले तर जांभळ्याचं पिवळं होतं आणि इवल्या नळीत वायूचा बुडबुडा अडकतो. बारा वाजून पाच मिनिटांनी मी इन्क्युबेटरचं दार लावलं.

एक वाजता जेवायच्या डब्याशी आमच्या कार्यालयातले लिपिक सहज म्हणाले, “मग उद्या काय बेत?”

“कसला बेत?”

“सुट्टी आहे ना उद्या. जळाईची.”

“यादीत नाही.”

ते हसले. “अहो, ती राज्याची यादी. ही कलेक्टरची सुट्टी. जिल्ह्यापुरत्या तीन सुट्ट्या कलेक्टर जाहीर करतात, त्यांचा कागद वेगळा असतो. तो काय, सरांच्या टेबलावर, काचेखाली.”

कागद खरंच तिथे होता. स्थानिक सुट्ट्या तीन. पहिली : बारा जानेवारी, बुधवार, श्री जळाई देवी यात्रा. सर तो वाचूनच सोमवारपासून रजा जोडून गावी गेले होते.

म्हणजे ज्या यात्रेचं पाणी मी तपासत होते, त्याच यात्रेसाठी आमची प्रयोगशाळा बंद राहणार होती.

मी घाबरले नाही. मला उलट थोडी मजाच वाटली. सुट्टी असली तरी नळ्यांना ती माहीत नसते. मी आमच्या शिपायांना, शिरतोडेमामांना गाठलं. मामांची निवृत्ती दीड वर्षावर आली होती. इमारतीच्या सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला असायच्या.

“मामा, उद्या साडेअकराला दार उघडून द्याल का? थोडं काम आहे.”

“सुट्टीच्या दिशी? लगीन ठरलं नाय म्हनून असं सुचतंय बगा तुमास्नी.”

“द्याल का पण?”

“देतो की. मला तरी घरी कोन बसू देतंय.”

मी किल्लीबद्दल बोलले. विजेबद्दल बोलायचं मला सुचलंच नाही.

बुधवारी शहर नेहमीसारखंच होतं. आमच्या आवाराला लागूनच पोस्ट ऑफिस होतं, तिथे खिडकीवर रांग होती. समोरची बँकही उघडी होती. कलेक्टरची सुट्टी पोस्टाला आणि बँकेला नसते, असं मामांनी सायकल स्टँडवर लावता लावता मला शिकवलं. “म्हंजे देवी आपलीच, त्यांची न्हाई,” ते म्हणाले आणि पुढे होऊन दार उघडायला गेले. मी स्वेटरची बटणं लावत पायऱ्या चढले. पौषातली थंडी होती, उन्हातसुद्धा बोटं आखडत होती. मी आत आले तेव्हा दिवे लागलेले होते. इन्क्युबेटरचा लाल दिवाही लागलेला होता.

बरोबर बाराला मी दार उघडून नळ्यांचा स्टँड बाहेर काढला. पाच जांभळ्या. पुन्हा पाच जांभळ्या. पुन्हा पाच. एकाही इवल्या नळीत बुडबुडा नव्हता. मी प्रत्येक नळी खिडकीसमोर धरून पाहिली, टिचकी मारून पाहिली. काही नाही.

मला इतका आनंद झाला होता की मी उभ्या उभ्याच रजिस्टर भरलं. तारीख. वेळ. नमुना क्रमांक. तापमान : ३७. वाचन : ०, ०, ०.

फोन पहिल्या झटक्यात लागला. मागे ताशे वाजत होते.

“सिस्टर, चांगलं आहे! पंधरापैकी एकही पिवळी नाही. पक्का रिपोर्ट उद्या, पण आत्तापर्यंत चांगलं आहे.”

“काय?”

“चांगलं आहे! पाणी चांगलं आहे!”

“चांगलं आहे!” त्या कुणाला तरी ओरडून म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

मी नळ्या पुन्हा आत ठेवल्या, रजिस्टर मिटलं. मामा दारात किल्ल्या वाजवत उभे होते.

“झालं काम?”

“झालं.”

“मग मेन पाडू का? कालच्यासारका?”

मला त्या वाक्याचा अर्थ लागायला किती वेळ लागला ते सांगता येणार नाही. “कालच्यासारखा म्हणजे?”

“म्हंजे काल संध्याकाळी पाडला तसा. सुट्टीच्या आदल्या दिशी मेन पाडायचा, आठ वर्सं झाली. मागं शाटसर्किटनं कपाट जळालं न्हाई का, तवापासून. तुमी याच्या आदीच तर चालू केला म्या, दिवे लागले न्हाईत का?”

“मामा, इन्क्युबेटर चालू होता!”

“आसा कसा? सुट्टीच्या आदी त्यो रिकामाच आसतो.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “नव्हता व्हय?”

मी इन्क्युबेटरकडे गेले. थर्मामीटर दाराच्या वरच्या भोकात खोचलेला असतो, वाचायला टाचा उंचावाव्या लागतात. मी टाचा उंचावल्या. लाल दिवा लागून पाऊण तास होत आला होता, तरी पारा बावीसवर होता.

काल बारा ते पावणेसहा, साडेपाच-पावणेसहा तास ऊब. त्यानंतर पौषातली रात्र. नळ्या जांभळ्या होत्या कारण जंतू नव्हते, किंवा जांभळ्या होत्या कारण जंतू गारठून बसले होते. दोन्हींत जांभळा एकच दिसतो. आणि रजिस्टरमध्ये माझ्या अक्षरात सदतीस होतं. न बघता लिहिलं होतं मी ते, कारण तिथे नेहमी सदतीसच असतं.

मी सिस्टरना फोन लावला. लागेना. सात हजार माणसं एका टॉवरखाली. सहा वेळा लावला. सातव्यांदा सरांना लावला.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. मागे कुठेतरी भांडी वाजत होती.

“हे बघ,” ते म्हणाले, “आज सुट्टी आहे. बरोबर?”

“हो सर.”

“आज जावक रजिस्टर बंद, सही बंद, शिक्का बंद. मग आज रिपोर्ट गेलाच नाही. तू फोनवर काय बोललीस, ती तुझी खासगी गोष्ट. रजिस्टरचं पान उद्या आपण बघू.”

“पण सर, ते पाणी पितील.”

“वर्षानुवर्षं पितायत. तू चांगलं म्हटलंस म्हणून ते खराब होत नाही.”

“आणि खराब असलं तर?”

“तर तू ते कागदावर चांगलं म्हटलेलं नाहीस. मी काय सांगतोय ते समजून घे. तुझी ऑर्डर अकरा महिन्यांची आहे.”

फोन ठेवल्यावर घड्याळात साडेबारा वाजून दोन मिनिटं झाली होती. सर खोटं बोलत नव्हते. कागदावर तसंच होतं, आजच्या दिवशी आम्ही कुणाला काहीच सांगितलेलं नव्हतं.

“मामा, सातमोरीला कसं जायचं?”

“मी नेतो,” मामा म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. “पोस्टातल्या सोनकांबळेची एम-ऐंशी हाय. त्येला सुट्टी न्हाई, गाडी हितंच हाय.”

निघताना मी दोन निर्जंतुक बाटल्या घेतल्या. आणि इन्क्युबेटर चालूच ठेवून दाराला कुलूप लावायला लावलं.

रस्ता यात्रेचा होता. बैलगाड्या, टमटम, डोक्यावर नैवेद्याच्या पाट्या घेतलेल्या बायका. मामा हॉर्न वाजवत नव्हते, तोंडानंच “ओ बाजूला, ओ पावणं” करत होते. मी मागे बसून सारखी वेळ बघत होते. एक वीस. एक पस्तीस. एका वळणावर मामा मान न वळवता म्हणाले, “मॅडम, सांगताना माजं नाव सांगा. म्या पाडला मेन. मला दीड वर्स ऱ्हायलंय, मला काय करत्यात?”

“सदतीस तुम्ही लिहिलं का मामा?”

त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

गावाच्या अर्धा किलोमीटर आधीपासून लाउडस्पीकर ऐकू यायला लागला. आधी शब्द कळत नव्हते. मग कळायला लागले. “...भाविकांना कळविण्यात येतं, की जळाईमातेच्या बारवेचं पाणी जिल्ह्याच्या सरकारी लॅबमधून पास होऊन आलेलं आहे... टँकरचं पाणी बंद करून बारवेच्या टाकीचे नळ सुरू केलेले आहेत... निर्धास्त प्यावं... भाविकांना कळविण्यात येतं...”

बारव देवळाच्या खाली होती, चौकोनी, काळ्या दगडाची, पायऱ्या पाण्यापर्यंत उतरत गेलेल्या. काठावर मोटर बसवलेली होती आणि मोटरीतून एक काळी टाकी भरत होती. टाकीला सहा नळ. सहाही नळांवर माणसं होती. पोरांना उचलून ओंजळीनं पाजत होते. पलीकडे चुलाण्यांवर चार मोठी पातेली चढवलेली होती, अजून रिकामी. एक वाजून पन्नास मिनिटं.

सिस्टर चुलाण्यांपाशी होत्या. मला पाहून त्यांचा चेहरा फुलला. “अगं बाई, यात्रेला आलात! आप्पा, याच त्या मॅडम!”

रंगनाथ हिप्परगे, कमिटीचे अध्यक्ष, सगळे त्यांना रंगाप्पा म्हणत. सत्तरीचे असतील. पांढरं धोतर, कपाळावर भस्माचे पट्टे. त्यांनी दोन्ही हात जोडले आणि कुणाला तरी खूण केली. एका बाईनं फुलपात्र भरून आणलं.

“या मॅडम. उनातानाचं आलासा. घ्या, पयलं देवीचं पानी घ्या. तुमीच पास केलंय.”

आजूबाजूला पन्नास तरी माणसं असतील. यात्रेतल्या पाहुण्याला पाणी दिलं की तो ते घेतो, त्यात विचार करण्यासारखं काही नसतं. मी फुलपात्र हातात घेतलं. पाणी स्वच्छ होतं, तळाचं पितळ दिसत होतं. जंतू असले तरी पाणी असंच दिसतं.

मी ते पायरीवर ठेवलं.

“आप्पा, हे पाणी मी पिऊ शकत नाही.”

“का वो? उपास हाय?”

“नळ बंद करा. माझी चूक झाली.”

सिस्टरांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. “खराब निघालं?”

“नाही. माहीत नाही. नळ्या गरम ठेवाव्या लागतात, आणि रात्रभर वीज बंद होती. त्या थंड होत्या. थंड नळ्यांवरून काहीच सांगता येत नाही.”

“मेन म्या पाडला,” मामा मागून म्हणाले. “ह्येंना ठावं नव्हतं.”

“त्यांनी त्यांचं नेहमीचं काम केलं,” मी म्हणाले. “वाचताना तापमान बघायचं असतं. मी बघितलं नाही. न बघताच सदतीस लिहिलं आणि सिस्टरना फोन केला.”

रंगाप्पा माझ्याकडे बघत होते. मागे लाउडस्पीकर अजून पास झाल्याचं सांगत होता.

“म्हंजी पानी खराब हाय?”

“असं मी म्हणत नाही.”

“मग चांगलं हाय?”

“असंही म्हणत नाही.”

“मग मगाशी काय म्हनला व्हता?”

“चांगलं म्हणाले होते.”

“तवा ठावं व्हतं?”

“तेव्हाही नव्हतं.”

गर्दीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. “सरकारी लॅब! बाराला पास, दोनला नापास!” दुसरा म्हणाला, “टँकरवाल्यानं काय दिलं का बघा.” तो हशा पसरत गेला. सिस्टरनी मान खाली घातली. सहा महिने त्या ज्यांच्या मागे लागल्या होत्या, तीच ही माणसं होती. मला वाटलं, आता त्या माझ्याकडे कधीच बघणार नाहीत.

नळाजवळची एक म्हातारी पुढे आली. कडेवर दीड-दोन वर्षांची नात होती, तिच्या हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. “आन आमी प्यालो त्येचं काय गं पोरी?”

“मला माहीत नाही, आजी.”

“ह्ये पोरगं प्यालं की.”

सिस्टरनी मान वर केली, पदरानं त्या पोरीची हनुवटी पुसली आणि म्हणाल्या, “जुलाब झाले तर लगेच माझ्याकडं आणायचं, मावशी. रात्र असू दे, पहाट असू दे. मीठ-साखरेच्या पुड्या देते, घेऊन जा.” मग त्या रंगाप्पांकडे वळल्या. त्यांचा आवाज माझ्यापेक्षा स्थिर होता. “आप्पा, आपलं ठरलं होतं. तपासल्याशिवाय द्यायचं नाही. अजून तपासलेलं नाही. नळ बंद करायला सांगा.”

“आन आंबील?”

“टँकरच्या पाण्यात.”

“सिस्टर.” रंगाप्पांचा आवाज खाली आला. “माज्या आज्ज्यापासनं ह्या बारवेच्या पान्याबिगर आंबील झाली न्हाई. बाहात्तरच्या दुष्काळात तळाला गाळ व्हता, तवाबी वस्त्रगाळ करून केली. आन आज म्या टँकर लावू? कशापायी? ह्या पोरीनं थर्मामीटर बगितला न्हाई म्हनून?”

“हो,” मी म्हणाले.

उत्तराची अपेक्षाच नव्हती, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

चुलाण्यांवरचे आचारी थांबले होते. एकानं विचारलं, “आप्पा, पाणी कुठलं घेऊ? दोन वाजले.” लाउडस्पीकरवाल्यालाही काहीतरी कळलं असावं, कारण तो मध्येच गप्प झाला, आणि मोटरीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला.

रंगाप्पा वाकले. मी पायरीवर ठेवलेलं फुलपात्र त्यांनी उचललं, देवळाकडे तोंड करून कपाळाला लावलं आणि घटाघटा पिऊन टाकलं, शेवटच्या थेंबापर्यंत. फुलपात्र उपडं करून दाखवलं.

“म्या प्यालो,” ते म्हणाले. “माजं आन देवीचं काय आसंल ते मी बगून घीन. माजं वय झालंय. पन लोकांच्या पोरांचं मला बगता येनार न्हाई.” मग आचाऱ्याकडे वळून ओरडले, “टँकर आन हिकडं! आन नळ बंद करा रे. मोटर बंद करा.”

गर्दीत कुजबुज उठली. एक म्हातारा उठून, “ही आंबील मी घेणार नाही,” असं म्हणून देवळाकडे निघून गेला. त्याच्यामागे आणखी काही गेले. किती, ते मी मोजलं नाही.

मी बारवेच्या पायऱ्या उतरले. शेवटच्या पायरीवर बसून दोन्ही बाटल्या पाण्याखाली उघडल्या, भरल्या, पाण्याखालीच बुचं लावली. मामांनी उसाच्या रसवंतीवरून बर्फ आणला. त्यानंतर, रिपोर्ट येईपर्यंत लोक पाणी पिणारच म्हणून, रंगाप्पांच्या परवानगीनं सिस्टरनी बादलीत पावडर कालवली आणि पायऱ्यांवरून सावकाश ओतली. पांढरा ढग पाण्यात पसरत गेला. रंगाप्पा काठावर उभे राहून बघत होते.

निघताना ते माझ्यामागे आले. “रिपोर्ट कदी?”

“परवा संध्याकाळी.”

“पयलं मला सांगायचं. आन बगून सांगायचं.”

संध्याकाळी साडेसहाला मी पंधरा नळ्या भरून आत ठेवल्या. या वेळी सोबत सोळावी नळी ठेवली, आमच्या आवारामागच्या गटारातल्या पाण्याची, म्हणजे इन्क्युबेटर आपलं काम करतोय की नाही ते कळेल. मेन स्विचवर मी जाड अक्षरांत कागद चिकटवला. मामांनी त्यावर आणखी एक कागद चिकटवला : हात लाऊ नये, शिरतोडे.

गुरुवारी सर आले. मी रजिस्टरमधल्या सदतीसवर एक आडवी रेघ मारली होती आणि शेजारी लिहिलं होतं, “प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं. बारा वाजून वीस मिनिटांनी बावीस. वाचन रद्द.” खाली सही. सरांनी ते दोनदा वाचलं.

“खाडाखोड न करता नवीन पान घेता आलं असतं,” ते म्हणाले.

“हो सर.”

“मुदतवाढीचा कागद ऑगस्टमध्ये माझ्याकडेच येतो, माहीत आहे ना?”

“हो सर.”

ते रजिस्टर त्यांनी आपल्या कपाटात ठेवलं आणि मला नवं काढून दिलं.

त्या दोन दिवसांत मी दर दोन तासांनी टाचा उंचावून थर्मामीटर वाचला. दोन्ही रात्री दहापर्यंत मी वाचत होते, मग मामा तिथेच चटई टाकून झोपायचे आणि उठले की एका वहीत आकडा लिहून ठेवायचे. एकदा त्यांनी “३७ व थोडं वर” असं लिहिलं होतं. सिस्टरना मी रोज दोनदा फोन करत होते. त्या दर वेळी एवढंच म्हणायच्या, “अजून कुणी आलेलं नाही,” आणि फोन ठेवायच्या. गुरुवारी दुपारी गटाराची नळी पिवळी झाली, इवल्या नळीत चण्याएवढा बुडबुडा. बाकीच्यांकडे मी बघितलं आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, पण कुणाला सांगितलं नाही. अठ्ठेचाळीस तास व्हायचे होते.

शुक्रवारी सव्वासहालाच फोन वाजला.

“मॅडम, हिप्परगे बोलतोय.”

“पंधरा मिनिटं थांबा, आप्पा.”

“थांबतो. फोन चालू ठिवतो.”

त्यांनी खरंच चालू ठेवला. मी तो टेबलावर ठेवला. आतून त्यांच्या घरातला आवाज येत होता, कुणीतरी भाकरी थापत होतं. सर घरी निघाले होते, ते दारातच थांबले. मामा खिडकीशी होते.

साडेसहाला मी आधी थर्मामीटर वाचला. मग मामांना वाचायला सांगितलं. मग स्टँड बाहेर काढला, दिव्यासमोर एकेक नळी धरली, टिचकी मारली, पुन्हा धरली. पंधराही झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून पाहिल्या. लिहिलं. आणि फोन उचलला.

“आप्पा, आहात?”

“हाय. सांगा.”

“यात्रेच्या दिवशी दुपारी, पावडर टाकायच्या आधी घेतलेलं पाणी. तापमान सदतीस. गटाराच्या पाण्याची नळी पिवळी. बारवेच्या नळ्या पंधरा, पंधराही जांभळ्या, वायू एकाही नळीत नाही. शंभर मिलीलीटरमध्ये जंतू दोनपेक्षा कमी, म्हणजे या तपासणीत सापडलेच नाहीत.”